वाढीची चार बोटं

दुपारच्या शांततेत बटणांच्या डब्याचं झाकण टक्कन उघडलं.

ती आत भांडी विसळत होती. बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा उघडताना बोंब मारल्याशिवाय राहायचा नाही. हात पुसत तिने डोकावून पाहिलं. शिवणयंत्रापाशी सासूबाई उभ्या होत्या, हातात मोजपट्टी. खुंटीवरचा पोरीचा शाळेचा जादा गणवेश हलकेच झुलत होता, आणि वाऱ्याचा तर पत्ता नव्हता.

"काय हवंय, आई?"

"बटण तुटलंय माझं. तू आपली भांडी आवर."

बटणाला मोजपट्टी कशाला, हे तिने विचारलं नाही. नवरा तापाने गेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात या घरात तिचे प्रश्न एकेक करून तोंडातच राहू लागले होते. विचारायचं कुणाच्या जिवावर?

सुरुवातीचे दोन महिने तर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. एका सकाळी पोर शेजारी येऊन बसली. तिच्या हातात सुई होती. "आई, दोरा ओवून ठेवलाय. नुसता ओवलाय हं, तू शिवलंच पाहिजे असं नाही." त्या ओवलेल्या दोऱ्याला धरून ती उठली. आधी फाटकं-तुटकं, मग उशांचे अभ्रे, मग गल्लीतल्या पोरांचे गणवेश. आता शाळा सुटली की रस्त्यावरून तिचीच शिवण धावताना दिसायची, आणि तिला वाटायचं, चाललंय की आपलं. निघतील दिवस.

पोरीचं नाव घरात कुणी घेत नसे. लहानपणी बटण गिळून तिने दोन दिवस सगळ्यांना वेठीस धरलं होतं, तेव्हापासून ती बटणी. आता बारा वर्षांची होती.

संध्याकाळी सासूबाईंनी एक जड, चमकदार कापड यंत्रावर ठेवलं. वर मापाची चिठ्ठी.

"नवरीचा पोशाख आहे. बाजारापलीकडचं घर आहे. शुक्रवारी सकाळी न्यायला येतील."

तिने चिठ्ठी वाचली. "माप लहान आहे, आई."

"असेना का. उंचीत आतून चार बोटं दुमडून ठेव. बाजूच्या शिवणीतही कापड सोड. पुढे सोडवता येईल."

गणवेशात ती असंच कापड सोडायची. पोरं वाढतात, दर वर्षी नवा कुठून आणणार? पण नवरीच्या पोशाखात वाढीची चार बोटं? तसा हा प्रश्न पहिल्यांदा पडलेला नव्हता. याआधी असे तीन पोशाख तिच्या हातून गेले होते. शिवणारणीने नवरीचं माप विचारावं, वय विचारू नये, असं तिने मनाला बजावून ठेवलं होतं. डोळ्यांवर कातडं ओढलं की कात्री सरळ चालते.

या वेळी मात्र कात्री दोनदा अडखळली.

घरात दुसरंही काही काही घडत होतं. सासूबाई नातीच्या ताटात न मागता वाढू लागल्या होत्या. बुधवारी पोर धाकट्या काकासमोर तळपाय वर करून उभी राहिली. "काका, बघ ना, बुटातून रस्ता दिसतो."

"मग बरंच की, वाट चुकायची नाहीस," दीर हसला. मग सासूबाईंकडे बघत म्हणाला, "आता नवे बूट कशाला?"

"आता म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे काही नाही, वहिनी. तुम्ही पोशाखाचं बघा."

गुरुवारी पोशाख पुरा झाला. ती दोरे कापायची छोटी कात्री शोधायला आत गेली आणि परत येते तो बटणी शाळेतून येऊन, दप्तर फेकून, तो अंगात चढवून आरशासमोर गिरक्या घेत होती.

"काढ तो! लोकांचा आहे!"

"काढते गं. बघ तरी! कंबर बरोबर, बाह्या बरोबर, उंची बरोबर." पोर थांबली. डावीकडून गळा घसरून दंडावर आला होता. "फक्त माझा खांदा विसरलीस तू."

दुसरीत असताना पोर कठड्यावरून पडली होती. हाड सांधलं, पण डावा खांदा अर्धा इंच उतरताच राहिला. तिचं माप आईने कधी कागदावर लिहिलं नव्हतं, ते हातालाच ठाऊक होतं. म्हणून चिठ्ठीतले आकडे तिला परके वाटले. मोजपट्टी गणवेशावर फिरवणाऱ्या आजीला एकच खांदा मोजून पुरला होता.

तिने यंत्रावरची चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली.

"आई, चुकलं का माझं?"

"नाही गं राजा. काढ. हळू काढ."

दिवेलागणीला सासूबाई शेजारहून परतल्या तेव्हा ती उंबऱ्याशी बसून पोशाख उसवत होती. एकेक टाका. मांडीवर सुट्ट्या बाह्या पडल्या होत्या.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"कोण आहे तो?"

सासूबाईंनी आवाज खाली आणला. "गोदामातल्या मुकादमाचा भाऊ. पस्तिशीचा आहे, पहिली बायको गेली. माणूस चांगला आहे. बापाविना पोर, उद्या काही बरंवाईट झालं म्हणजे? मी अकरा वर्षांची होते. मेले का मी?"

ती उत्तर द्यायच्या आत दीर आला. त्याने मागे दार लोटलं आणि कडी घातली. कडीचा आवाज झाला तशा सासूबाई दचकल्या. नेहमीसारख्याच.

"कडी वाजली की तुम्ही अजून दचकता, आई," ती हळूच म्हणाली. "साठी उलटली तुमची. मामंजींना जाऊनही बारा वर्षं झाली. कुणाला भिता?"

सासूबाईंचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"फार शहाणपण नको, वहिनी," दीर म्हणाला. "शब्द दिलाय मी. पोशाख नसला तर घरच्या कपड्यात जाईल. उद्या तिला शाळेत पाठवायचं नाही. सकाळी गाडी येईल."

अशा घरांत कुणी राक्षस नसतो, वाचकहो. हाच काका पोरीला खांद्यावर बसवून फिरवायचा. हीच आजी तिच्या तापात उशाशी बसायची. म्हणून तर बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

सकाळी दीर अंघोळीला गेला. आत पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि तिने पोरीला गणवेश चढवला. डावा खांदा अर्धा इंच उतरता, नीट बसला. मापाची चिठ्ठी तिने मुठीत घेतली. शाळेतल्या मोठ्या बाईंना दाखवायला. त्या काय करतील, काही करू शकतील का, तिला ठाऊक नव्हतं. पण विचारायचं मात्र ठरलं होतं.

दारापाशी सासूबाई बसल्या होत्या. दाराला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन. डोळे सुजलेले.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आत पाणी पडत होतं. कडी वाजली असती तर दीर धावत आला असता.

मग म्हातारी भिंतीला धरून उठली. तिने कडी आपल्या मुठीत घट्ट पकडली, लहान मुलाचं तोंड दाबावं तशी, आणि सरकवली. एवढासुद्धा आवाज झाला नाही.

"जा," ती म्हणाली. नातीकडे तिने पाहिलं नाही.

रस्ता अजून जागा होत होता. दोघी भराभर चालत होत्या. कोपऱ्यावर एक बंद काचांची गाडी समोरून सावकाश आली आणि त्यांच्याच गल्लीत वळली. तिने पोरीचा हात आणखी आवळला. मागे वळून पाहिलं नाही. शाळेचं फाटक अजून दोन वळणं दूर होतं.

"आई, तो पोशाख माझा होता ना?"

"हो."

"म्हणून उसवलास?"

"हो."

फाटक्या बुटातून खडा गेला म्हणून पोर क्षणभर लंगडली, तरी थांबली नाही. थोड्या वेळाने तिने वर पाहिलं.

"तू आधीही तसले तीन शिवलेस. त्यांच्यातही चार बोटं सोडली होतीस?"

तिने होकाराची मान हलवली.

"मग ते का नाही उसवलेस, आई?"