एक वीत वर

नगरच्या सावेडीतल्या त्या कॉलनीत सगळ्यात जास्त वेळा भरणारी पाण्याची टाकी नृसिंह सरांची होती. निदान सर तरी तसं सांगत. सकाळचा चहा झाला की टाकी बघायला गच्चीवर, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून आले की पुन्हा टाकी बघायला गच्चीवर. टाकी गच्चीच्या पूर्वेला होती आणि सर उभे राहत ते पश्चिमेच्या कठड्याशी, पण या तपशिलात त्यांच्या पत्नी नीलांबरी कधी शिरल्या नाहीत. संसार टिकवायचा तर काही दिशा सोडून द्याव्या लागतात.

पश्चिमेला फैयाजभाईंचं घर होतं आणि तिथे गॅरेज उभं राहत होतं.

फैयाजभाईंचा नागापूरच्या एमआयडीसीत सुट्या भागांचा कारखाना होता. माणूस सालस, आणि हेच सरांचं मुख्य दुखणं. शेजारी खडूस असला की त्याच्याशी भांडता येतं. सालस शेजाऱ्याचा नुसता हेवाच करावा लागतो आणि तोही हसतमुखाने. त्यातून जुन्या गाड्यांचा नाद या कॉलनीत पहिल्यांदा आणला तो सरांनी. श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्याच्या एका माजी संचालकाची पांढरी काँटेसा त्यांनी घेतली तेव्हा फैयाजभाई तिच्यात बसून नुसते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले होते. "काय चीज आहे सर!" म्हणाले आणि गेले. पुढे त्यांनी निळी पद्मिनी घेतली, मग लष्कराच्या लिलावातली जोंगा जीप घेतली. सरांची काँटेसा दारच्या कडुनिंबाखाली, लिंबोळ्या आणि कावळे झेलत उभी. रोग सरांचा आणि इस्पितळ फैयाजभाईंचं, असा प्रकार झाला.

आणि इस्पितळ कसलं! आरशासारखी करडी फरशी, गाडी माणसाच्या डोक्यावर उचलून धरणारी दोन खांबांची लिफ्ट, भिंतीवर टांगलेले पाने आणि प्रत्येकामागे त्याच्याच आकाराची रंगवलेली सावली, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते लगेच कळावं. कोपऱ्यात पाहुण्यांसाठी सोफा. सरांच्या दिवाणखान्यातल्यापेक्षा बरा.

"गाडीला एवढा उजेड लागतो?" सर नीलांबरींना म्हणाले. "ऑपरेशन करायचंय का?"

"तुम्हाला कठड्यावरून नीट दिसावं म्हणून लावला असेल," नीलांबरी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा निरोप आला. हे मंडळ दरवर्षी पाडव्याला कॅलेंडर काढतं आणि त्यात एकेका महिन्याला एकेका सभासदाचं गॅरेज छापतं. यंदा त्यांना नगरचं एक गॅरेज हवं होतं. एकच. मंडळाच्या भार्गवीताई जानेवारीत फोटोग्राफर घेऊन येणार होत्या. नगरचे सभासद दोन: नृसिंह सर आणि फैयाजभाई. सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि सकाळी त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

गहिनीनाथ मिस्त्री हा माणूस कॉलनीतली निम्मी घरं बांधून बसला होता. त्याच्या धंद्याचं मर्म एका प्रश्नात होतं. आखणी झाली, दोरी लागली, की तो मालकाला बाजूला घेऊन हळूच विचारी, "शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा एक वीत वर घिऊ का?" एक अपवाद सोडता नाही म्हणणारा मालक त्याला अजून भेटला नव्हता. कारण सोपं होतं. ज्याचं जोतं वर, त्याच्या अंगणातलं पाणी खालच्याच्या अंगणात. त्यामुळे कॉलनीत जे सगळ्यात आधी बांधायला आले ते सगळ्यात खाली राहिले, आणि शेवटचं घर तर अशा दिमाखात वर बसलं होतं की पोस्टमनने तिथे चढून पत्र देणं सोडून खालूनच हाक मारणं सुरू केलं होतं.

सर दोन दिवस कागदावर आकृत्या काढत बसले. लिफ्ट परवडणारी नव्हती. ती फरशीही नव्हती. पान्यांच्या सावल्या रंगवता आल्या असत्या, पण आधी पाने घ्यावे लागले असते. कुठेच फैयाजभाईंच्या पुढे जाता येईना. तेवढ्यात गहिनीनाथने आपला प्रश्न विचारला आणि सरांच्या डोक्यात उजेड पडला.

"फैयाजभाईंचं जोतं किती घेतलंस रे?"

"त्यांचं जोतंच न्हाई सर. रस्त्याच्या लेवललाच घ्या म्हनले. मी लई सांगितलं. दाराशी नाली काढून वर लोखंडी जाळी टाकलीय निस्ती."

सरांना मनापासून आनंद झाला. एवढा पैसेवाला माणूस, आणि जोत्याच्या बाबतीत गाफील राहिला!

"एक वीत नको," सर म्हणाले. "चांगलं कमरेएवढं घे."

"गाडी चढंल का पन?"

"उतरण कशाला असते? वीस वर्षं तेच शिकवतोय मी पोरांना."

"मंग काय," गहिनीनाथ म्हणाला. कमरेएवढ्या जोत्याला भर किती लागते हे त्याला ठाऊक होतं आणि भर टाकणारा टेम्पो त्याच्याच मेव्हण्याचा होता.

भिंती चढल्या. सरांनी काँटेसाची लांबी मोजली, रुंदी मोजली, डिकी उघडी ठेवून उंचीही मोजली. फाटक आणि गॅरेज यांच्यात जागा बेताची, त्यामुळे उतरण आखूड आणि ताठ झाली. सरांना ती रुबाबदार वाटली. एका संध्याकाळी फैयाजभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले आणि उतरणीकडे बघत थबकले.

"सर, राग मानू नका. काँटेसा लांबुडकी आहे, पोट खाली आहे तिचं. माथ्यावर टेकणार नाही ना? थोडं खाली घेता आलं तर—"

"बघू, बघू," सर गोड हसले. फैयाजभाई गेल्यावर दार लावत म्हणाले, "बघितलंस? झोंबलं."

"काय झोंबलं?" नीलांबरींनी विचारलं.

"उंची! लागला लगेच खाली घ्या म्हणायला. माणूस जळतो तो असा."

"जळणारा माणूस डबा घेऊन येतो होय?"

"तेच तर. शंका येऊ नये म्हणून."

नीलांबरींनी डबा उघडला आणि विषय सोडला. सरांनी मात्र त्या रात्री दोन वाट्या खाल्ल्या. आपला कुणी हेवा करतंय ही भावना त्यांना नवीन होती आणि तिने भूक चांगली लागत होती.

गॅरेज सुरेख झालं. पांढऱ्या भिंती, लाल फरशी, आणि वर उभं राहिलं की फैयाजभाईंच्या गॅरेजची फरशी सरळ नजरेच्या खाली. गाडी मात्र सरांनी आधी आत नेली नाही. पहिला प्रवेश पाहुण्यांसमोर, फोटोग्राफरसमोर, नारळ फोडून व्हायचा होता. गृहप्रवेश काय कुणी आदल्या दिवशी रंगीत तालीम म्हणून करतं?

जानेवारीतल्या त्या रविवारी पुण्याहून जुन्या गाड्यांचा ताफा आला. भार्गवीताई उतरल्या, चष्मा वर करून त्यांनी सरांचं गॅरेज पाहिलं आणि म्हणाल्या, "अगबाई, देऊळच की हो!" सरांना भरून आलं. त्यांनी फैयाजभाईंकडे पाहिलं. फैयाजभाई टाळ्या वाजवत होते. किती लपवतो हा माणूस, सरांना वाटलं.

नारळ फुटला. नीलांबरींनी चाकांखाली लिंबं ठेवली. काँटेसा तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली आणि उतरण चढू लागली. पुढची चाकं माथ्यावर पोचली, लाल फरशीला लागली. फोटोग्राफर सरसावला. मग खालून असा आवाज आला, जसा कुणी मोठ्या पातेल्याचा तळ खरवडावा. गाडी थांबली. सरांनी पाय दाबला. पुढची चाकं फरशीवरून अलगद उठली, पुन्हा टेकली. मागची जागच्या जागी फिरून धूर काढू लागली. काँटेसा माथ्यावर पोट टेकून, बागेतल्या सी-सॉसारखी हळूहळू डुलत होती, आणि आत सर स्टिअरिंग धरून बसले होते.

"उतरू नका सर!" फैयाजभाई ओरडले. "तोल जाईल!"

त्यांनी आपल्या गॅरेजातून चाकांचा जॅक आणला, फळ्या आणल्या. पाहुण्यांपैकी चौघं मागे लागले. काँटेसा इंचाइंचाने उचलली गेली आणि खाली रस्त्यावर परत आली. सर आतच होते. काच वर होती.

"आता सर?" भार्गवीताईंनी विचारलं. "ऊन चढायला लागलंय, आम्हाला फोटो तर हवाय."

"माझ्याकडे घ्या ना आत," फैयाजभाई म्हणाले. "अशी गाडी उन्हात कशाला? मी जोंगा बाहेर काढतो."

सर काही बोलायच्या आत जोंगा बाहेर आली आणि काँटेसा, ना उंबरठा ना उतरण, जाळीवरून नुसती टक् टक् करत आत गेली. करड्या फरशीत तिचं पांढरं अंग दिसायला लागलं. वरचे दिवे लागले आणि फोटोग्राफरने कॅमेरा उचलला. इतकी वर्षं जिच्यावर लिंबोळ्या पडल्या ती गाडी ही, हे सरांनाही पटेना.

कॅलेंडर आलं ते एप्रिलच्या पानावर काँटेसा घेऊन. खाली छापलं होतं: फैयाजभाईंचं गॅरेज, अहिल्यानगर.

"उतरण फोडून जोतं खाली घ्या, आठवड्याचं काम," फैयाजभाई म्हणाले. "तोवर राहू दे आमच्याकडे. जोंगाला काय, लष्करातली आहे, बाहेर झोपायची सवय आहे तिला." गहिनीनाथही दोनदा येऊन गेला. पण जोतं खाली घ्यायचं म्हणजे फैयाजभाईंच्या बरोबरीला यायचं, आणि एवढा मोठेपणा सरांच्या हातून होईना. रिकाम्या गॅरेजात नीलांबरींनी कुरडया वाळत घातल्या. जागा उंच, वारा छान, कुत्री चढत नाहीत. त्या वर्षी कुरडया फार सुंदर झाल्या. एक डबा फैयाजभाईंकडेही गेला.

बॅटरी उतरू नये म्हणून फैयाजभाई दर रविवारी काँटेसा सुरू करतात. पहिल्या किल्लीत लागते. सरांकडे इतक्या वर्षांत ती एकदाही पहिल्या किल्लीत लागली नव्हती.

"अहो, भरली का टाकी?" नीलांबरींनी खालून हाक मारली.

पश्चिमेच्या कठड्याशी उभ्या सरांनी खाली गॅरेजच्या उघड्या दारातून पाहिलं. दिव्यांखाली फैयाजभाई पिवळ्या फडक्याने बॉनेट पुसत होते, आणि काँटेसा, सरांना शपथेवर वाटलं, सुखात होती.

"थांब जरा," सर म्हणाले. "अजून वेळ आहे."