हात वर

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे भविष्यवाले म्हणत. राशीभविष्य लिहिणाऱ्या बाई वेगळ्या होत्या आणि त्यांना या नावाचा राग यायचा, पण इलाज नव्हता. बाईंचं कधी खरं ठरत नसे, यांचं ठरायचं. हेवीवेट बॉक्सिंगची मोठी लढत जवळ आली की यांचा स्तंभ छापून यायचा. कोण कसा लढेल, का जिंकेल, हे सगळं सांगून झालं की शेवटी ठळक अक्षरांत एकच ओळ: 'हात वर', आणि पुढे नाव. लढत संपल्यावर पंच ज्याचा हात धरून वर करतो, त्याचं नाव. लागोपाठ एकोणीस वेळा पंचांनी जणू यांचंच ऐकलं होतं.

विसाव्या वेळी मात्र त्यांची पुरती कोंडी झाली, कारण लढणाऱ्यांतला एक त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. घरात त्याला छोट्या म्हणत आणि तेच नाव रिंगणातही चिकटलं होतं. एकशे आठ किलोंचा छोट्या!

"घरचा माणूस आहे, या खेपेला मला वगळा," त्यांनी संपादकांना विनवलं.

"घरचा आहे म्हणूनच तर लोक वाट बघतायत," संपादक म्हणाले. "नाही लिहिलंत तर म्हणतील, सख्ख्या भावाचा याच्यावर भरवसा नाही."

भरवसा नव्हताच, हीच तर पंचाईत होती. तीन आठवड्यांपूर्वी जेवताना छोट्याच्या डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला लवंडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लवंडला. आई म्हणाली, "धसमुसळा मेला!" भविष्यवाल्यांना मात्र शंका आली. सरावाला जाऊन बघितलं, तर डावीकडून येणारा प्रत्येक ठोसा छोट्याला उशिरा दिसत होता.

त्यांनी त्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. "डोळ्याला काय झालंय?"

"काही नाही रे. जरा धूसर दिसतं."

"आणि डॉक्टरांनी तपासलं तेव्हा?"

"तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेलो होतो." छोट्या हसला, मग एकदम खाली बघायला लागला. "दादा, कुणाला बोलायचं नाही. आईची शपथ आहे तुला."

झालं! तोंड शिवलं गेलं. आता लिहायचं काय? छोट्या हरेल म्हणावं, तर कारण द्यायला हवं. कारण न देता त्यांनी आजवर एक नाव लिहिलं नव्हतं. कारण द्यावं, तर समोरचा गडी पेपर वाचणार आणि नेमका त्याच डोळ्यावर तुटून पडणार. टेबलाशी बसून त्यांनी पाच कागद फाडले. खोलीत जीव घुसमटायला लागला म्हणून खिडकी उघडली, तरी घुसमट काही कमी होईना.

शेवटी एक युक्ती सुचली आणि ते स्वतःवरच खूश झाले. त्यांनी लिहिलं: 'छोट्याची डावी बाजू म्हणजे भिंत आहे. तिकडून जाणारा स्वतःचाच हात मोडून घेईल.' वाचून समोरचा उजवीकडूनच येईल, डोळा वाचेल. मग त्या भरात शेवटची ओळही लिहून टाकली. हात वर: छोट्या.

लढतीच्या दिवशी दुपारी छोट्या खांद्याला पिशवी आणि काखेत पेपर घेऊन त्यांच्या खोलीत आला. खुर्चीत न बसता उभाच राहिला.

"वाचलं," तो म्हणाला. "दादा, मी हरणार असं लिहायचं होतंस रे."

"म्हणजे?"

"दुसऱ्या डोळ्यालाही त्रास व्हायला लागलाय. मला नाही लढायचं. पण नाही म्हणायला तोंड कुठंय? म्हटलं, दादाला सगळं माहीत आहे, तो लिहील हरणार म्हणून. ज्याचं कधी चुकत नाही तोच असं म्हणतोय म्हटल्यावर कोच स्वतःच विचारतील, काय भानगड आहे. मग सांगून टाकलं असतं."

भविष्यवाल्यांनी घाईघाईने चपला पायात सरकवल्या. "आत्ता सांगू. चल, मी येतो, मी सांगतो कोचना."

"काय सांगणार? सकाळी भिंत आणि दुपारी आंधळा? म्हणतील, ऐनवेळी दोघं भाऊ घाबरले." छोट्याने पेपरची घडी टेबलावर ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच सोसवेना. "माझा हात वर करशील नाहीतर त्याचा, असं वाटलं होतं. तू तुझेच हात वर केलेस, दादा."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. छोट्या वळला. दाराची मूठ डाव्या बाजूला होती. त्याने हात पुढे केला, तो नुसताच लाकडावर आपटला. मग तो चाचपडू लागला.

भविष्यवाले उठले. थांब म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, हॉर्न पुन्हा वाजला, आणि त्यांनी दार उघडून दिलं.