चौसष्ट नंबरची अत्तरदाणी

दर शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या शाळेच्या मैदानावर पायलची टीम हरायची. तशी ती पायलची नव्हेच. पायल बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची आणि तिचे आईबाबा, शीला आणि विवेक, तेवढ्यापुरतेच मॅचला यायला लागले होते. पण विवेकला कशातच अर्ध्यावर थांबता येत नसे. सप्टेंबर सरायच्या आत तो अमेरिकन फुटबॉलचे नियम कोळून प्यायला आणि पराभवाचं मूळही त्यानं शोधून काढलं.

"ऑफेन्सिव्ह लाइन," तो गाडीत सांगायचा. "क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. तो फेकेपर्यंत पुढच्या पाच दांडग्या पोरांनी समोरच्यांना अडवून धरायचं. बस्स, एवढंच काम! तेही होत नाही यांच्याच्यानं."

हे गाडीत ठीक होतं. पण विवेक मूळचा नागपूरचा. बाकावर बसला की त्याचा आवाज पार्किंगपर्यंत जायचा, आणि इथं मराठी कोणाला कळतंय, या भरवशावर तो मोकाट सुटायचा.

"अबे, अडवा ना त्याले! लग्नात स्वागताला उभे आहात का? या या, बसा बसा करत आत सोडून राहिले! त्या चौसष्ट नंबरच्या हातात अत्तरदाणी द्या रे कोणीतरी!"

चौसष्ट नंबर म्हणजे डाव्या टोकाचा उंचपुरा मुलगा. समोरचा खेळाडू हमखास त्याला वळसा घालून आत शिरायचा आणि बिचारा क्वार्टरबॅक आडवा व्हायचा.

शीला यातलं काही मनावर घेत नसे. ती गाड्यांच्या रंगांच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. रंगाचा पापुद्रा का सुटतो ते शोधायचं, हे तिचं काम, आणि त्यात बोलावं फार लागत नाही. उन्हाळ्यात ते दक्षिणेतल्या अल्फारेटाहून इकडे आले तेव्हापासून तर ती आणखीच गप्प झाली होती. तिकडे तिला मैत्रिणी होत्या. फोन न करता ज्यांच्या दारात उभं राहावं, अशा. इकडे आल्यावर पायलला बँड मिळाला, विवेकला शिव्या घालायला टीम मिळाली. शीलाला अजून कोणी मिळालं नव्हतं.

म्हणजे, एक बाई होती. पुढच्याच बाकावर बसायची, एकटी. डोळ्यांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, गळ्यात शाळेच्या रंगाचा स्कार्फ, इंग्रजी अगदी इथलं. एकदा वारा सुटल्यावर तिनं काही न विचारता आपल्या ब्लँकेटचं टोक मागे शीलाच्या गुडघ्यांवर टाकलं होतं. पुढच्या शुक्रवारी शीलानं तिला हॉट चॉकलेट आणून दिलं. बोलणं हवामानापलीकडे गेलं नव्हतं, पण शीला आता शुक्रवारची वाट बघू लागली होती. या वेळी नाव विचारायचंच, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

त्याच शुक्रवारी विवेक ओरडला, "अबे रेड्या, पाय रोव ना!" आणि पुढच्या बाईचे खांदे हलले.

थंडी असेल, शीलाला वाटलं. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून ती मैदान सोडून त्या खांद्यांकडेच बघत बसली. विवेक इंग्रजीत ओरडला की खांदे स्थिर. मराठीत ओरडला की हलायचे. विवेक पुन्हा अत्तरदाणीवर आला तेव्हा तर बाईनं स्कार्फ तोंडात कोंबला.

मध्यंतरात ती उठून कुंपणापाशी गेली. पलीकडून चौसष्ट नंबर हेल्मेट काढत आला. बाईनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "कुशल, दमलास का रे?"

उरलेली मॅच शीलानं मान वर केली नाही.

गाडीत बसल्याबरोबर तिनं सांगून टाकलं. विवेकनं कपाळाला हात लावला.

"मेलो! आणि मी अत्तरदाणी म्हणालो."

"रेडा पण म्हणालास."

"रेडा ताकदवान असतो ना पण!"

"हे तिला जाऊन सांगणार आहेस का?"

मागच्या सीटवरून पायल म्हणाली, "आय टोल्ड यू, बाबा. नॉट सो लाउड."

"विवेक," शीला हळूच म्हणाली, "या गावात मला तीच एक बाई आवडली होती रे."

घर आल्यावर विवेक म्हणाला, "पुढच्या वेळी तोंडाला कुलूप. शब्द दिला."

पुढच्या शुक्रवारी त्यानं शब्द पाळला. लाइन पहिल्याच फटक्यात फुटली तेव्हा तो मफलर चावत बसला. दुसऱ्यांदा फुटली तेव्हा त्याच्या घशातून प्रेशर कुकरसारखा आवाज आला, पण शिट्टी झाली नाही. शीला चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. माफी मागायची ती डबा पुढे करून, असं ठरलं होतं. पण हात पुढे होईना.

तिसऱ्यांदा क्वार्टरबॅक आडवा झाला आणि पुढची बाई गर्रकन मागे वळली.

"काय हो भाऊ," ती विवेकला म्हणाली, "आज घसा बसलाय का?"

विवेक उठून उभाच राहिला. "ताई, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं तुमचा मुलगा..."

"अहो, म्हणून तर मी इंग्रजीत बोलत होते! कळलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता. बसलातच की नाही?"

"पण तुम्हाला राग..." शीलाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"राग कशाचा? मी अकोल्याची, रत्ना. इतक्या वर्षांत कोणी 'अबे' म्हणालेलं ऐकलं नव्हतं. आणि माझ्या पोराला अडवता येत नाही, ते काय मला दिसत नाही? मलाही ओरडावंसं वाटतं हो. पण आई ओरडली की सगळे वळून बघतात. तुम्ही ओरडता, माझं मन मोकळं होतं." मग ती शीलाकडे वळली. "घरी गेलं की कुशल पहिलं काय विचारतो माहीत आहे? मागचे काका आज काय म्हणाले! रेडा ऐकून तर खुर्चीवरून पडला हसून."

"चिवडा घ्या," शीला म्हणाली. डबा अखेर पुढे झाला.

रत्ना आपली बसायची उशी आणि ब्लँकेट उचलून वर आली आणि शीलाला खेटून बसली. मूठभर चिवडा घेऊन तिनं मैदानाकडे बोट केलं. "हं भाऊ, होऊ द्या सुरू."

विवेकनं छाती भरून श्वास घेतला. लाइन वाकली, चौसष्ट नंबर बाजूला पडला, आणि विवेक ओरडला, "कुशल बेटा... जमलं तर... थोडं अडव हं!"

"हे काय?" रत्ना म्हणाली.

"नाही होत आता," विवेक कळवळून म्हणाला. "ओळख झाली ना! आपल्याच पोराला कसं बोलू?"

"घ्या! बसलं यांचं दुकान."

पुन्हा पोरं ओळीत वाकली. पुन्हा तो समोरचा दांडगा डावीकडून निघाला, चौसष्ट नंबरला वळसा घालायला. त्यापुढचं शीलाला नीटसं आठवत नाही. चिवडा बाकाखाली सांडला, ती ताडकन उभी राहिली, आणि जन्मात कधी वर न चढलेला तिचा आवाज फाटून निघाला, "अबे कुशल! खांदा लाव ना, खांदा!"

कुशलनं खांदा लावला की नाही, कोणास ठाऊक. दांडगा थोडा अडखळला, क्वार्टरबॅकनं चेंडू फेकला, तो कोणाच्याच हातात गेला नाही. पण निदान या वेळी क्वार्टरबॅक आडवा झाला नव्हता. खालून बँडमधली पायल वळून बघत होती. आज ओरडतंय ते बाबा नाहीत, हे तिला आत्ता कुठे कळत होतं.

रत्ना शीलाचा हात धरून हसत सुटली होती. "शब्द बरे आहेत. आवाज अजून बारीक आहे."

"पहिल्यांदाच ओरडले," शीला धापा टाकत म्हणाली.

"मग उद्या दुपारी ये घरी. कुशलपण असेल. त्याच्यावरच प्रॅक्टिस करू." आणि मग जरा थांबून, "फोनबिन काही करू नकोस हं. सरळ ये."