कस्तुराबाईचा रेडिओ मुका झाला

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात कामरगावच्या शालिग्रामनं अमरावतीच्या एका वकिलाकडचा जुना रेडिओ घरी आणला, तो बायकोसाठी. कस्तुराबाईचे डोळे काचबिंदूनं गेले होते. दिवस उगवला काय अन् मावळला काय, तिला सारखंच. रेडिओ आल्यापासून मात्र तिच्या दिवसाला पुन्हा बूड-शेंडा आला. सकाळच्या गाण्यांवर ती तांदूळ निवडायची, आणि संध्याकाळी भजन लागलं की शेजारपाजारच्या बाया ओसरीवर येऊन बसायच्या.

रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की शालिग्राम ती बैलबंडीत घालून कारंज्याला न्यायचा आणि तिथल्या कापसाच्या जिनात इंजिनावर भरून आणायचा.

एका दुपारी गाणं चालू असतानाच आवाज गेला. आधी तो जरा फाटला, दोनदा गुदमरला आणि बंद पडला. शालिग्राम वावरातून आला तेव्हा कस्तुराबाई रेडिओला कान लावून बसली होती.

"बॅटरी उतरली असन," तो म्हणाला.

"नाई. आतली गुणगुण चालू हाय. बॅटरी उतरली असती तं तेही बंद झालं असतं."

तरी त्यानं बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी बुरशी खरवडली. मग माळवदावर चढून दोन बांबूंना ताणलेली तार पाहिली. न्हाणीजवळ जमिनीत गाडलेल्या, रेडिओची दुसरी तार जोडलेल्या सळईच्या बुडाशी गडूभर पाणी ओतलं, कारण माती कोरडी पडली की आवाज बसतो, असं वकिलानं सांगितलं होतं. काही फरक पडला नाही.

"तार तुटली असती तं खरखर तरी आली असती," कस्तुराबाई म्हणाली. "इथं खरखरही नाई. तोंडच बांधल्यावानी झालं पाय."

अमरावतीला न्यायचं तर बंडीच्या हिसक्यांनी आतल्या काचा फुटायची भीती. शालिग्राम विचारात पडला. तेवढ्यात समोरच्या घरातली अमीनाबी ताक न्यायला आली. तिचा नवरा इस्माईल गावोगाव भांड्यांना कल्हई करायचा. त्याआधी काही वर्षं तो तंबूतल्या फिरत्या सिनेमाबरोबर हिंडला होता आणि तारा जोडायची कामं करायचा.

"त्याईले पाठवू काय?" अमीनाबीनं विचारलं.

अमीनाबीच्या मागोमाग इस्माईल आला. त्यानं आधीच सांगून टाकलं, "वयनी, मले यातलं सारं येत नाई. बिघडवीन मात्र नाई, येवढं सांगतो."

"तेवढं लय झालं, भाऊ," कस्तुराबाई म्हणाली.

त्यानं मागची फळी काढली. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. ते काढलं, धूळ फुंकली, काचेचे दिवे एकेक करून जागेवर नीट दाबले. ते मंद तांबूस पेटत होते, पण आवाज नाही. मग तो मांडी घालून बसला आणि आठवू लागला.

"तंबूत आवाज गेला का लोक शिट्या मारत. मंग आमचा मालक बोंबले, पयले भोंगा पाय! भोंगा चांगला निंगाला तं मागं जा."

त्यानं बॅटरी सोडवली, आतला आवाज काढणारा कागदी भोंगा मोकळा करून मांडीवर घेतला. शालिग्रामच्या टॉर्चमधला एक सेल मागून घेतला आणि दोन तारांनी भोंग्याच्या टोकांना लावून पाहिला.

"चांगला असन तं टक् करन. आयका."

अमीनाबीनं हातातला गडू खाली ठेवला.

"नाई बोलला," कस्तुराबाई म्हणाली.

"मंग दुखणं इथंच हाय. वयनी, माये हात भांडी घासून राठ झाले. तुमची बोटं हलकी हायेत. या कागदावर ठेवा. फुलावर ठेवल्यावानी."

कस्तुराबाईनं बोटं ठेवली. इस्माईल तारा लावत होता, काढत होता. ती कागदाच्या कडेनं हळूहळू बोटं फिरवत गेली. एका जागी तिनं जरासं दाबलं, तसा टक् आवाज आला.

"इथं! इथं हाय!" ती ओरडलीच.

बोट उचललं की आवाज बंद, दाबलं की टक्. इस्माईलनं कंदील जवळ घेतला. कागदापासून टोकापर्यंत केसाएवढी मऊ दोरी गेली होती. ती मधोमध तुटली होती आणि कागद दाबला की दोन्ही तुकडे एकमेकांना टेकत होते.

"रोज थरथरून थरथरून तुटली बिचारी," तो म्हणाला.

त्यानं घरून शेगडी, कथील आणि राळ आणली. कल्हईचा नवसागर मात्र मुद्दाम आणला नाही. अशा बारीक तारेला तो खाऊन टाकतो, हे त्याला तंबूतच कळलं होतं. तांब्याच्या तारेचा एक पदर सोलून त्यानं तुटक्या दोरीच्या जागी लावला आणि लालबुंद सळईनं कथलाचा डाग दिला. रेडिओ लावला. आवाज आला! पण घसा धरलेल्या माणसासारखा, चिरका आणि दबलेला. तांबं ताठ होतं, ते कागदाला हलूच देत नव्हतं. एक ओळ पुरी व्हायच्या आत तेही तुटलं.

शालिग्राम हळहळला. "जाऊ दे गा इस्माईल. तू लय केलं."

अमीनाबी आधीच्या मऊ दोरीचा काढून टाकलेला तुकडा उजेडात धरून पाहत होती. ती टोप्यांवर जरीकाम करायची.

"हे तार कुठी हाय?" ती म्हणाली. "हा तं धागा हाय, वरून धातूची पट्टी गुंडाळलेला. ही जरच म्हना ना!"

एवढं बोलून ती घरी गेली आणि काहीतरी घेऊन आली. तिच्या हातातलं पाहून इस्माईलनं सळई खाली ठेवली. तो आवाज कस्तुराबाईनं ऐकला. तिनं हात पुढे केला. कापड हाताला लागलं. तिनं काठ चाचपला, त्यावरची वेल ओळखली. दिसत होतं तेव्हा तिनं ती ओढणी ईदला पाहिली होती.

"अमीना, ही तुयी निकाहाची ओढणी व्हय. तुया मायनं देल्ली होती. हे नोको करू."

"खरी जर याच्यातच हाय. टोपीची जर खोटी असते, तिच्यात काई दम नाई."

"रेडिओ गेला तं गेला व बाई. मी राहीन तशीच."

"तुमी राहान, मी नाई राहात," अमीनाबी म्हणाली. "दिवसभर टोप्या शिवून मान मोडते. सांजच्याले इथं येऊन बसतो तवा कुठी जीवाले बरं वाटते. ओढणी पेटीत पडून कसर खाऊन राह्यली. माय असती तं तिनंच काढून देल्लं असतं."

तिनं सुईच्या टोकानं काठातले तीन-चार पदर ओढले आणि एकत्र पीळ दिला. इस्माईलनं श्वास रोखून दोन्ही टोकांना डाग दिला आणि मधला धागा जरा सैल, झोपाळ्यासारखा सोडला. सेल लावला. टक्, स्वच्छ.

भोंगा जागेवर बसवून रेडिओ लावेपर्यंत दिवेलागण झाली होती. दिवे तापले, गुणगुण वाढली, आणि एकदम एका गृहस्थाचा खणखणीत आवाज घरभर पसरला. लिंबाच्या झाडाला पडणाऱ्या किडीवर तो भाषण देत होता.

कुणीही हललं नाही. चौघांपैकी एकाकडेही लिंबाचं झाड नव्हतं, पण गृहस्थ बोलला ते सगळं त्यांनी कीर्तनासारखं ऐकलं. शेवटी तो "नमस्कार" म्हणाला, तेव्हा शालिग्रामनंही हात जोडले. अमीनाबीला हसू फुटलं आणि मग सगळेच हसले. कस्तुराबाई हसता हसता रडायला लागली.

"इस्माईल, तुये उपकार कसे फेडू गा?" शालिग्राम म्हणाला.

"उपकार कायचे? भजन लागलं का हाक मारा," इस्माईल म्हणाला आणि शेगडी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मले अमीनाच्या घरी न्या."

शालिग्राम पाहतच राहिला. डोळे गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. लोकांपुढं ठेचकाळायची तिला लाज वाटायची. "तिलेच बलावतो ना."

"आभार मानाले कोनाले घरी बलावतात काय? मीच जाईन."

त्यानं हात धरला. मधली वाट दहा-बारा पावलांचीच, पण ती पाय चाचपत चालली. अंगावर कोवळं ऊन आलं, कुणाच्या तरी चुलीचा धूर आला, बंडीवाल्यानं बैल थांबवून वाट दिली. अमीनाबी दारातून धावत आली.

"काहून आल्या तुमी? मी आली असती ना!"

कस्तुराबाईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. आभाराचं जे बोलणं रात्रभर जुळवलं होतं, ते तिनं सोडून दिलं.

"चहा करशीन ना?" ती म्हणाली.

"करतो ना, बसा," म्हणत अमीनाबीनं तिला आत नेऊन सतरंजीवर बसवलं आणि टोपीचं काम बाजूला सारलं.