तरोट्यावरचा भुंगा

दोनच निळ्या पाकळ्या, नखाएवढ्या, दुपार व्हायच्या आत मिटून जाणाऱ्या... सोजरबाईनं ते फूल नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं आणि श्वास रोखून त्याच्या ओठांकडे पाहत राहिली.

"सांगा ना, कोनतं फूल हाये हे?"

"कुर्डू," जगदेव म्हणाला.

केना! केना आहे हा! लग्नानंतरच्या पहिल्या भादव्यात मेडशीच्या शेतातल्या याच धुऱ्यावर, बांधावर बसवून त्यानंच तिला एकेक रानफूल ओळखायला शिकवलं होतं, कुठल्या फुलावर कोणती माशी येते, कोणतं पाखरू कुठं सोंड घालतं... आणि यंदाच्या तापानं सगळं धुऊन नेलं. ताप उतरला, तो उठून बसला, पोटभर जेवला आणि तिला विचारता झाला, "तू कोनाची वं?"

उद्या थोरले दीर उकंडराव त्याला नागपूरच्या पागलखान्यात नेणार होते. पहाटे बैलांची दमणी, मग वाशीमचं टेसन. उकंडराव वाईट नव्हते. जगदेव विहिरीत पाय सोडून बसलेला सापडला तेव्हा तेच ढसाढसा रडले होते. काल दाराआडच्या तिला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "एक तरी वळख दाखोली त्यानं, तं नाही नेत मी त्याले."

एक तरी...

"केना म्हना."

"केना."

तिनं तेरडा दाखवला. "केना." कुर्डूचा तुरा दाखवला. "केना." तो शहाण्या लेकरासारखा हसला — आणि माझा हात उठतो आहे, देवा, मी मारीन आता याला, या हसऱ्या तोंडावर मारीन...

तो हात तिनं तरोट्याच्या पिवळ्या फुलावर टाकला. ओरबाडणार, तोच त्यानं तिचं मनगट धरलं. फुलाला काळा भुंगा लटकला होता. गुणगुणत, अख्खं फूल थरथरवत.

"थांब वं," तो हळूच म्हणाला. "होऊ दे त्याचं."

नाव त्यानं सांगितलं नाही. फुलाचं नाही, भुंग्याचं नाही, तिचंही नाही. पण भुंगा उडेपर्यंत मनगट सोडलं नाही.

ही ओळख म्हणायची? उकंडरावांना काय सांगणार — भुंग्यासाठी माझा हात धरला? ते मान खाली घालून ऐकतील, आणि बैल जुंपतील.

त्याची बोटं गरम होती, परक्या माणसाची असावीत तशी, आणि तिला एकदम लाज वाटली, मग त्या लाजेचीच भीती. इतके दिवस ती त्या गेलेल्या माणसासाठी देवाशी भांडत होती. उद्या नेणार होते ते याला, तिचं नाव ठाऊक नसलेल्या याला... आणि याच्यासाठी काय म्हणून भांडायचं, ते तिला सुचेना.