पंखातला पांढरा पट्टा

गुणवंतभाऊंनी सकाळी फोनवरच निकाल लावून टाकला होता. "घार आहे ती, विनता. जबलपुरात स्कुआ कुठून येईल?" विनताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर लोक नावेतून शेव फेकतात आणि हिवाळ्यात येणारे कुरव पक्षी ती हवेतच झेलतात. आज मात्र एक काळपट, दांडगा पक्षी एका कुरवाच्या मागे लागला. त्यानं त्या बिचाऱ्याला इतकं पिदडलं की कुरवानं गिळलेली शेव ओकून टाकली, आणि ती पाण्यात पडायच्या आत या लुटारूनं गट्ट केली. घार असं करते होय? ही रीत समुद्रावरच्या स्कुआ पक्ष्याची. बंगालच्या उपसागरातलं वादळ नुकतंच विरलं होतं, त्यानंच याला इथवर फरफटत आणलं असणार. पण मागच्या हिवाळ्यात विनतानं कुरवाच्या मळकट पिल्लाला स्कुआ म्हटलं होतं, आणि गुणवंतभाऊंच्या पक्षीमंडळानं ती गंमत वर्षभर पुरवून खाल्ली होती. या वेळी तिला आपलं म्हणणं खरं करून दाखवायचंच होतं. तिनं हट्टानं त्यांना घाटावर बोलावलं.

ते आले, गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवून. दोघं नथ्थूच्या इंजिनाच्या नावेत बसले. पक्षी मधल्या पाण्यावर मान आखडून बसला होता.

"बसलेला काय कामाचा? उडताना पंखातला पांढरा पट्टा दिसला तर स्कुआ मानीन," गुणवंतभाऊ म्हणाले. "नथ्थू, नाव उसके ऊपर ले लो."

विनताही पुढे सरकून बसली. पट्टा तिलाही बघायचा होता, आणि नंतर तिला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

पक्षी उडाला, पण सूर्याच्या बाजूला. फोटोत नुसती काळी सावली आली. दुसऱ्यांदा तो पाण्याला घासत थोडासा फडफडला आणि पुन्हा बसला.

"भाऊ, बस करा. वादळातून आला आहे तो. अंगात त्राण नाही त्याच्या."

"काहून घाबरून राहिली? तुझंच काम करून राहिलो ना मी."

"मला नको. नथ्थू भैया, रोक दो."

"चलते रहो."

नथ्थूनं दोघांकडे पाहिलं आणि लेन्सवाल्याचं ऐकलं.

या वेळी नाव अंगावर आली तरी पक्षी उडाला नाही. एका कुशीवर कलंडला. गुणवंतभाऊंनी त्याला पाण्यातून उचललं तेव्हा मान लोंबत होती. त्यांनी त्याचा पंख ताणून उघडला. पांढरा पट्टा स्वच्छ दिसला.

"स्कुआच आहे, विनता. तुझं बरोबर होतं. आपल्या मंडळाची पहिली नोंद, अन् तीही तुझ्या नावानं."

वर्षभर तिला हेच ऐकायचं होतं. आता मात्र त्या माणसाला तसंच पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं. तिनं पक्षी त्यांच्या हातातून काढून घेतला, पंख मिटला आणि त्याला ओढणीत गुंडाळलं.

"घार आहे ती," ती म्हणाली.

"अगं, पट्टा दिसून राहिला ना समोर."

"मला नाही दिसला. सकाळी तुम्हीच सांगितलं ना, घार आहे म्हणून? मंडळात तेच सांगीन. विनता पुन्हा चुकली म्हणा अन् हसा."

"थांब, एक फोटो तरी घेऊ दे."

त्यांचा हात कॅमेऱ्याकडे गेला. विनतानं ओढणीला करकचून गाठ मारली आणि नथ्थूला नाव काठाला घ्यायला सांगितलं. आता त्यानं तिचं ऐकलं.