बटणांची बडबड

चिमीची आई काळजी करण्यात आधी पदवीधर झाली. संगणकाची पदवी तिने नंतर घेतली. सात महिन्यांची चिमी शिंकली तरी वेळ लिहून ठेवणारी ही बाई. सोमवारी तिची रजा संपणार होती आणि चिमीला सांभाळायला मोठी नणंद येणार होती. नणंद जन्मापासून अंध. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं काढलेली, घरातली चार भाचरं वाढवलेली. तरी चिमीच्या आईला घोर. दूध कधी, औषध कधी, हे ताईंना कळणार कसं?

कळायची सोय होती. बाळाच्या नोंदी ठेवायचं एक फुकट ॲप. त्याचा कोड सगळ्यांना खुला, कोणीही दुरुस्ती करून पाठवावी. पण त्यातली बटणं नुसती चित्रांची. नणंदेच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, प्रत्येकाला 'बटण' एवढंच म्हणे.

चिमीची आई कंबर कसून बसली. प्रत्येक बटणाला तिने नाव दिलं. पण नुसतं नाव देऊन थांबेल तर ती चिमीची आई कसली! 'दूध पाजलं. दाबण्यापूर्वी बाटली कोमट होती ना, ढेकर काढला ना, याची खात्री करा.' शिवाय प्रत्येक सूचना तिने 'तातडीची' ठरवली. म्हणजे आवाज काहीही वाचत असो, ते तोडून आधी हे बोलणार. चौसष्ट सूचना, चौसष्टही तातडीच्या. डोळे मिटून एकदा वापरून पाहावं असं मनात आलं होतं. पण डोळे मिटले तर चिमीवर लक्ष कोण ठेवणार?

शनिवारी नणंद तालमीला आली. तिच्या हाती फोन देऊन चिमीची आई दाराआड लपली. आंधळ्या माणसापासून, दाराआड.

"अगं, तिथे कशाला उभी? श्वास ऐकू येतोय तुझा. बस की खुर्चीवर."

ती येऊन खुर्चीवर बसली. नणंदेने बोट फिरवलं आणि फोन बोलत सुटला. बाटलीचं वाक्य ढेकराने तोडलं, ढेकराचं औषधाने, औषधाचं लंगोटाने. चिमीची आई कौतुकाने पडद्याकडे बघत राहिली. एकाएकी नणंदेने आवाज बंद केला.

"थांब. चिमी रडतेय."

खरंच रडत होती. चेहरा लालभडक. चिमीच्या आईने धावत जाऊन तिला उचललं.

"एरवी तिने कूस बदलली तरी कळतं मला," नणंद म्हणाली. "तुझ्या बटणांनी कान बुजवले माझे."

"पण ताई, सूचना नकोत का?"

"बोर्डावर मी काय करायचे? नाव सांगायचं, जोडून द्यायचं, गप्प बसायचं. प्रत्येकाला 'जपून बोला हं, पेशंट आजारी आहे' असं सांगत बसले असते ना, तर पेशंट बरा होऊन घरी गेला असता! आणि हे ॲप कुठलं, ही तूच आहेस. घरात एक आहेस तेवढी पुरे."

चिमीची आई दुखावली. नणंद चिमीला थोपटत होती, तेव्हा हिने दुपटं डोळ्यांवर बांधून फोन हातात घेतला. तीन मिनिटांत तिला स्वतःचाच वीट आला. आपल्याशी चार वर्षं संसार करणाऱ्या नवऱ्याबद्दल पहिल्यांदाच तिला मनापासून आदर वाटला.

रविवारी तिने सगळं छाटलं. 'दूध.' 'झोप.' 'औषध.' तातडीची सूचना एकच ठेवली: एकदा दिलेलं औषध पुन्हा नोंदवायला गेलं तर. दुरुस्ती पाठवली. ॲपचा प्रकल्प सांभाळणाऱ्याला सगळे मुकादम म्हणत, त्याचं उत्तर आलं, "घेतली."

सोमवारी निघताना तिने नणंदेपुढे तीन पानी यादी धरली. कोणाला काय वाचायला देतोय, हे लक्षात आलं तेव्हा हात आखडला.

"कागद कसला वाजतोय गं?"

"काही नाही, ताई. येते."

दुपारी ऑफिसात तिने आपल्या फोनवर ॲप उघडलं. ताईंच्या नोंदी आल्या होत्या. 'दूध, अकरा दहा. झोप, अकरा चाळीस.' बस्स.

'ढेकर काढला ना?' तिने ताईंना निरोप लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. त्रेसष्ट सूचना काढायलाही तिला एवढा वेळ लागला नव्हता.